‘आधी तयार व्हा, मग नोकरी’ हे खरं आहे का? : सपोर्टेड एम्प्लॉयमेंटवरचं संशोधन वाचताना



पेट किंवा नेट-सेटची तयारी करताना आपण रिसर्च मेथडॉलॉजीच्या व्याख्या पाठ करतो. गृहीतक म्हणजे काय, चल म्हणजे काय, नमुना निवडीचे प्रकार किती. परीक्षेत ते चालतं. पण प्रवेश मिळाल्यावर गाईड पहिल्याच बैठकीत विचारतात, “तुमचा प्रश्न काय आहे?” आणि बऱ्याच जणांची गाडी तिथंच अडते. कारण प्रश्न कसा मांडला यावर उत्तराची दिशा बरीचशी आधीच ठरून जाते, हे व्याख्या पाठ करून कळत नाही. ते कळायला एखाद्या विषयातलं संशोधन क्रमानं वाचावं लागतं.

म्हणून आज एकच विषय घेऊया. बौद्धिक आणि विकासात्मक अक्षमता असलेल्या प्रौढ व्यक्तींचा रोजगार. तुमचा विषय भौतिकशास्त्र असो की समाजकार्य, हा लेख वाचा. इथं एका चुकीच्या जागी ठेवलेल्या प्रश्नामुळे हजारो माणसं वर्षानुवर्षं ‘तयारी’ करत बसली होती.

आधी शब्द

बौद्धिक अक्षमता म्हणजे तर्क करणं, शिकणं, अडचण सोडवणं यांत लक्षणीय मर्यादा आणि त्याच जोडीला रोजच्या व्यवहारातल्या कौशल्यांतही मर्यादा. या दोन्ही गोष्टी लहानपणापासून, वाढीच्या वयात दिसतात. नुसता बुद्ध्यंक कमी आला म्हणून निदान होत नाही. ‘विकासात्मक अक्षमता’ ही त्याहून मोठी छत्री आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी वगैरे तिच्यात येतात. जुन्या शासकीय कागदांत, शाळांच्या पाट्यांवर ‘मतिमंद’ हा शब्द दिसेल. जुना संदर्भ शोधताना तो शब्द टाकावा लागतो, पण स्वतःच्या लिखाणात तो वापरू नका.

आणि एक फरक लक्षात ठेवा. बौद्धिक अक्षमता आणि मानसिक आजार या वेगळ्या गोष्टी आहेत. मानसिक आजार असलेल्यांच्या रोजगारावर वेगळं आणि बरंच मोठं संशोधन आहे. शोधयंत्रात ‘सपोर्टेड एम्प्लॉयमेंट’ टाकलं की दोन्हींचे पेपर एकत्र येतात. नमुन्यात नेमकं कोण आहे, हे मेथड विभागात बघितल्याशिवाय पेपर तुमच्या फाईलमध्ये टाकू नका.

जुना रस्ता : आधी तयारी

विसाव्या शतकात बऱ्याच देशांत एक पद्धत रुजली. शाळा संपली की या व्यक्तींनी संरक्षित कार्यशाळेत जायचं. तिथं सोपी, तीच ती कामं करायची. पाकिटं भरा, वस्तू मोजून बांधा, सुटे भाग जोडा. हळूहळू कौशल्य येईल, वागणं सुधारेल, आणि ‘तयार’ झाल्यावर बाहेर नोकरी मिळेल, असा त्यामागचा विचार. थोडक्यात, आधी प्रशिक्षण, मग नोकरी.

अमेरिकेत १९३८ च्या कामगार कायद्यानंच अपंग कामगारांना किमान वेतनापेक्षा कमी पैसे देण्याची मुभा ठेवली होती. त्या तरतुदीवर तिथल्या कार्यशाळा अनेक दशकं चालल्या. आपल्याकडेही दिवाळीच्या आधी पणत्या, उटणं, मेणबत्त्या, कागदी पिशव्या यांचे स्टॉल लागतात. त्यातला बराच माल अशाच कार्यशाळांतून येतो, हे तुम्हाला माहीत असेल.

मी कार्यशाळांना खलनायक ठरवायला बसलेले नाही. अनेक घरांसाठी मुलाला किंवा मुलीला दिवसभर सुरक्षित ठेवणारी, ओळखीची माणसं देणारी ती एकमेव जागा असते. “आमच्यानंतर कोण?” हा प्रश्न ज्या आईबापांच्या डोक्यात रोज असतो, त्यांच्यासाठी ही छोटी गोष्ट नाही. माझा मुद्दा संशोधनाचा आहे. ‘कार्यशाळेत राहिल्यानं माणूस बाहेरच्या नोकरीसाठी तयार होतो’ हे एक विधान आहे, आणि विधान तपासता येतं. गंमत अशी, की ते खूप काळ कुणी नीट तपासलंच नाही. सगळ्यांना ते उघड खरं वाटत होतं.

सायकलच्या ब्रेकचे १५ भाग

इथं मार्क गोल्ड हे नाव येतं. इलिनॉय विद्यापीठातले हे संशोधक. १९७२ मध्ये त्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. संरक्षित कार्यशाळांतले, मध्यम ते तीव्र बौद्धिक अक्षमता असलेले ६४ जण त्यात होते. काम होतं सायकलचा १५ भागांचा ब्रेक जोडण्याचं, आणि त्यानंतर २४ भागांचा. त्या काळच्या समजुतीप्रमाणे असं गुंतागुंतीचं काम त्यांना जमणं शक्यच नव्हतं. पण बहुतेक सगळे ते शिकले.

प्रयोगाची रचना बघा, कारण शिकण्यासारखं तिथं आहे. काही जणांना साधे भाग दिले. काही जणांना दिलेल्या भागांची एक बाजू लाल रंगवली होती. भाग बरोबर ठेवला की लाल बाजू आपल्याकडे येते, एवढाच इशारा. रंगाचा इशारा मिळालेले लवकर शिकले. म्हणजे माणसं त्याच प्रकारची, काम तेच, बदलली ती फक्त कामाची मांडणी, आणि निकाल बदलला.

गोल्ड यांनी यातून अक्षमतेची व्याख्याच उलटी करायचा प्रयत्न केला. एखाद्याला शिकायला किती जड जातं यावर त्याची पातळी ठरवण्याऐवजी, त्याला शिकवण्यासाठी शिकवण्याची पद्धत किती ताकदीची लागते, असं विचारा. शिकणाऱ्याला नाही जमलं तर दुसऱ्या पद्धतीनं शिकवून बघण्याची जबाबदारी शिकवणाऱ्याची.

यात चल कुठे सरकलं, दिसलं का? आधी ते माणसाच्या आत होतं : ‘क्षमता’. आता ते माणूस आणि काम यांच्या मध्ये आलं : ‘आधार’. क्षमता मोजता येते, पण संशोधकाला ती बदलता येत नाही. आधार मोजताही येतो आणि बदलूनही बघता येतो.

उलटा रस्ता : आधी नोकरी

याच विचारातून १९७० च्या दशकाच्या शेवटी आणि १९८० च्या दशकात सपोर्टेड एम्प्लॉयमेंट उभं राहिलं. व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठातले पॉल वेहमन हे त्यातलं मोठं नाव. १९८६ मध्ये अमेरिकेच्या पुनर्वसन कायद्यातल्या दुरुस्तीनं त्याला राष्ट्रीय कार्यक्रमाचं रूप दिलं. सूत्र सरळ आहे : आधी खरी नोकरी, मग त्याच जागी प्रशिक्षण, आणि लागेल तितका काळ आधार.

पण हे प्रत्यक्षात कसं चालतं? समजा, एका दवाखान्यात धुऊन आलेल्या चादरी घडी घालून वॉर्डच्या कपाटात लावायचं काम आहे.

आधी त्या व्यक्तीची ओळख करून घेतली जाते. तिला काय आवडतं, गोंगाट चालतो का, उभं राहून किती वेळ काम करता येतं, बसनं एकटीला येता येतं का. हे सगळं कागदी चाचणीपेक्षा सोबत राहून बघितलं जातं.

मग काम शोधलं जातं, किंवा घडवलं जातं. नर्स, आया, वॉर्डबॉय यांच्या कामांतून हा एक भाग वेगळा काढून त्याची स्वतंत्र जागा तयार होते.

त्यानंतर जॉब कोच त्या जागी सोबत जातो. कामाचे तुकडे पाडतो. गठ्ठा सोडणं, चादर पसरणं, टोकाला टोक जुळवणं, घडी, दुसरी घडी, डाग दिसला तर बाजूला ठेवणं, मापाप्रमाणे कप्पा शोधणं. प्रत्येक तुकड्याला किती मदत लागली याची रोज नोंद होते : हात धरून, करून दाखवून, नुसतं बोलून, की मदतीशिवाय.

जमायला लागलं की कोच हळूहळू मागे सरकतो. त्याची जागा सोबतचे कर्मचारी घेतात. जॅन निस्बेट आणि डेव्हिड हॅगनर यांनी १९८८ मध्ये याला ‘नैसर्गिक आधार’ म्हटलं आणि हाच आधार जास्त टिकाऊ असू शकतो असं मांडलं. तरीही कोचचा संपर्क पूर्ण तुटत नाही. वॉर्ड बदलला, मुकादम बदलला, की तो परत येतो.

तुम्हाला या विषयावर काम करायचं असेल तर ही मदतीची रोजची नोंद म्हणजे तयार डेटा आहे. एकेका व्यक्तीचा आलेख काढूनही चांगलं संशोधन होतं. त्याला एकल-व्यक्ती रचना म्हणतात, आणि दरवेळी ३०० जणांचा नमुना लागतोच असं नाही.

कार्यशाळेचा उपयोग होतो का? आकडे काय सांगतात

आता मूळ विधानाकडे. रॉबर्ट सिमेरा यांनी २०११ मध्ये नेमका हाच प्रश्न विचारला. त्यांनी नवीन माहिती गोळा केली नाही. अमेरिकेच्या व्यावसायिक पुनर्वसन खात्याकडे संपलेल्या प्रत्येक प्रकरणाची नोंद असते, ती वापरली. सपोर्टेड एम्प्लॉयमेंट घेणाऱ्या, बौद्धिक अक्षमता असलेल्या ९,८०८ जणांचे त्यांनी दोन गट केले. ४,९०४ जण आधी कार्यशाळेत राहिलेले, ४,९०४ न राहिलेले. निदान, जोडीची अक्षमता आणि लिंग जुळवून जोड्या लावल्या.

निकाल असा : नोकरी मिळण्याचं प्रमाण कार्यशाळेतून आलेल्यांत ५९.६ टक्के, थेट आलेल्यांत ६०.४ टक्के. जवळपास सारखंच. आठवड्याची कमाई कार्यशाळावाल्यांची ११८.५५ डॉलर, थेट आलेल्यांची १३७.२० डॉलर. कामाचे तास २२.४४ विरुद्ध २४.७८. आणि सेवेचा खर्च कार्यशाळावाल्यांवर सुमारे ७,९०० डॉलर, थेट आलेल्यांवर सुमारे ४,५४० डॉलर.

म्हणजे तयारीची वर्षं घालवूनही नोकरीची शक्यता वाढली नाही. उलट कमाई कमी आणि खर्च जास्त.

इथं थांबा. हा निष्कर्ष तुम्हाला पटला असेल, तर आता त्याच्याशी भांडा. संशोधनाची सवय अशीच लागते. मी संख्याशास्त्रातून आले आहे, त्यामुळे असा तक्ता दिसला की पहिला प्रश्न मनात येतो : कोण कोण यात नाही?

पहिली गोष्ट. जोड्या तीनच गोष्टींवर लावल्या आहेत. घरची परिस्थिती, गावात बससेवा आहे का, अक्षमता त्याच निदानात किती तीव्र, हे जुळवलेलं नाही. कदाचित जास्त आधार लागणारी माणसंच कार्यशाळेत पाठवली गेली असतील. मग कमी कमाई कार्यशाळेमुळे की त्या निवडीमुळे, हे या डेटावरून ठामपणे सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. या नोंदींत फक्त पुनर्वसन खात्यापर्यंत पोचलेली माणसं आहेत. जी कार्यशाळेतच राहिली, ज्यांना ‘अजून तयार नाही’ म्हणून कधी बाहेर पाठवलंच नाही, ती यात नाहीतच. त्यांना धरलं तर कार्यशाळेचा निकाल सुधारेल की बिघडेल, तुम्हीच विचार करा.

तरीही अभ्यासाचं मोल कमी होत नाही. ‘कार्यशाळेमुळे तयारी होते’ असा ज्यांचा दावा आहे, पुरावा देणं त्यांचं काम. इतक्या मोठ्या नमुन्यात तो फायदा दिसायला हवा होता, आणि दिसला नाही.

चिठ्ठ्या टाकून केलेला अभ्यास

निवडीच्या शंकेवर उपाय एकच : कुणाला काय मिळणार हे चिठ्ठीनं ठरवायचं. प्रोजेक्ट सर्च हा कार्यक्रम १९९६ मध्ये सिनसिनाटीच्या मुलांच्या रुग्णालयात सुरू झाला. शाळेच्या शेवटच्या वर्षातले विद्यार्थी वर्षभर रुग्णालयातच वेगवेगळ्या विभागांत काम करत शिकतात. वेहमन आणि सहकाऱ्यांनी स्वमग्न तरुणांसाठी त्यात जादा आधार जोडला आणि यादृच्छिक नियंत्रित चाचणी घेतली. २०१४ मध्ये सुरुवातीचे निकाल आले. १८ ते २१ वयाच्या प्रयोग गटातल्या २४ पैकी २१ जणांना नोकरी मिळाली, म्हणजे ८७.५ टक्के. नियंत्रण गटात १६ पैकी एकाला, म्हणजे ६.२५ टक्के.

वहीत दोन बाय दोनचा तक्ता करा आणि फिशरची चाचणी लावून बघा. नमुना ४० चाच, पण फरक इतका मोठा आहे की योगायोग म्हणणं अवघड. मात्र टक्केवारीला भुलू नका. प्रयोग गटात एक माणूस म्हणजे चार टक्क्यांहून जास्त, नियंत्रण गटात सव्वासहा. शिवाय हा एकत्र बांधलेला गठ्ठा होता. खरी कामाची जागा, वर्षभराचा सराव, स्वमग्नतेची जाण असलेला कोच. यातल्या कशामुळे किती फरक पडला, हे या रचनेतून वेगळं काढता येत नाही. नवीन प्रश्न इथंच सापडतात.

ज्यांच्याबद्दल लिहितो, त्यांना विचारायचं कसं?

नोकरी मिळाली की नाही हा सोपा निकाल आहे. पण ती आवडते का? तिथं कुणी बोलतं का? पगार स्वतःच्या हातात येतो का? हे त्या व्यक्तीलाच विचारावं लागतं, आणि इथं नेहमीची प्रश्नावली कोसळते.

कॅरल सिगेलमन आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दाखवलं, की बौद्धिक अक्षमता असलेल्या अनेक व्यक्ती हो-नाही प्रश्नांना ‘हो’ म्हणण्याकडे झुकतात. “तुम्ही बहुतेक वेळा आनंदी असता का?” हो. “बहुतेक वेळा दुःखी असता का?” तेही हो. आता कल्पना करा, तुमच्या पाच-बिंदू मापनपट्टीवर ९० टक्के समाधान आलं. ते समाधान की नुसता होकार?

उपाय आहेत. उलटसुलट प्रश्नांच्या जोड्या ठेवा. चित्रांसह ‘हे की ते’ असे पर्याय द्या आणि पर्यायांचा क्रम बदलून पुन्हा विचारा, कारण शेवटचा पर्याय उचलण्याकडेही कल असतो. कामाच्या जागी सोबत थांबा. आणि आई-वडिलांचं उत्तर हे त्या व्यक्तीचं उत्तर म्हणून लिहू नका. ते वेगळ्या रकान्यात जातं.

आपल्याकडचं चित्र

भारतात १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सरकारी नोकरीत ३ टक्के आरक्षण होतं, पण ते दृष्टी, श्रवण आणि हालचालीशी संबंधित अपंगत्वापुरतं. बौद्धिक अक्षमता त्यात नव्हती. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ नं ते ४ टक्के केलं आणि त्यातला १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांना मिळून दिला. म्हणजे कायद्यात जागा आली. पण आरक्षित जागा आणि त्या जागेवर टिकायला लागणारा आधार या वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या बहुतेक आस्थापनांत जॉब कोच हे पदच नसतं.

२०११ च्या जनगणनेत या गटात देशभरात सुमारे १५ लाख लोक नोंदले गेले. मुंबईत जय वकील शाळा १९४४ पासून, पुण्यात कामायनी १९६४ पासून काम करते आहे. म्हणजे शिक्षणाची परंपरा जुनी आहे. शाळा संपल्यानंतरच्या वर्षांवर, विशेषतः लहान शहरांत आणि तालुक्याच्या गावी, काम करायला खूप वाव आहे.

फक्त एक अट आधीच वाचून ठेवा. २०१६ च्या कायद्याचं कलम ६ सांगतं, की दिव्यांग व्यक्तीवर संशोधन करायचं तर तिला समजेल अशा स्वरूपात माहिती देऊन तिची स्वतःची मुक्त संमती हवी, आणि सरकारनं नेमलेल्या दिव्यांगत्व संशोधन समितीची पूर्वपरवानगीही हवी. त्या समितीत निम्म्याहून कमी नाहीत इतके सदस्य स्वतः दिव्यांग किंवा नोंदणीकृत संस्थांचे असायला हवेत. पालकांची सही घेतली, झालं, असं नाही. सिनॉप्सिस लिहितानाच यासाठी वेळ धरा.

आता तुमचा प्रश्न

शेवटी एक व्यायाम. खाली या विषयावरचे तीन प्रश्न देते, सिनॉप्सिसमध्ये शोभतील असे. प्रत्येकाखाली त्याचं दुसरं रूप आहे.

१. ‘बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांच्या रोजगारक्षमतेचा अभ्यास.’
असं करून बघा : कोणत्या प्रकारच्या आधारामुळे, कोणत्या कामात, ही व्यक्ती किती महिने टिकते?

२. ‘नियोक्त्यांचा दिव्यांगांबद्दलचा दृष्टिकोन.’
असं करून बघा : ज्यांनी प्रत्यक्ष नोकरी दिली आणि ज्यांनी नाकारली, त्यांच्या कामाच्या मांडणीत काय वेगळं होतं?

३. ‘व्यावसायिक प्रशिक्षणाची परिणामकारकता.’
असं करून बघा : प्रशिक्षण संपलेल्यांपैकी दोन वर्षांनी किती जण पगारी कामावर आहेत, आणि जे नाहीत ते दिवसभर कुठे असतात?

डावीउजवी बाजू नुसती भाषेनं बदललेली नाही. पहिल्या रूपाचं उत्तर बहुतेक वेळा ‘यांच्यात अमुक कौशल्य कमी आहे’ असं येतं आणि शिफारस येते ‘आणखी प्रशिक्षण द्यावं’. ती शिफारस वाचून कुणाला तरी कार्यशाळेत आणखी पाच वर्षं थांबवलं जातं. दुसऱ्या रूपाचं उत्तर एखाद्या मुकादमाला, संस्थेला, खात्याला उद्या काय बदलायचं ते सांगतं.

तुमचा विषय वेगळा असेल तरी हे करता येईल. मुली विज्ञान का सोडतात, शेतकरी नवं बियाणं का घेत नाहीत, रुग्ण औषध मध्येच का थांबवतात. असा कुठलाही प्रश्न घ्या, दोष कुणाच्या आत ठेवला आहे ते शोधा, आणि तो एकदा बाहेर काढून प्रश्न पुन्हा लिहा. दोन्ही रूपं शेजारी ठेवून गाईडकडे जा. पहिली बैठक बरीच बरी जाईल.

तुमच्या प्रश्नाची दोन रूपं खाली लिहून पाठवलीत तर मी नक्की वाचेन.